धाकटीची साठी

मृण्मयीची साठीशांत ठरली तेव्हा तिची थोरली बहीण रेवती सत्तावन्न वर्षांची होती.

शिरवेळच्या बंदरगावात याचं कुणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते एकट्या भटजींना, कारण ते नवे होते आणि घाटावरून आले होते. त्यांनी पत्रिका मागितली, बोटांवर मोजलं, पुन्हा एकदा मोजलं, आणि मृण्मयीताईंना साठ पुरी व्हायला अजून सात वर्षं आहेत असं अदबीने सांगितलं. मग रेवतीने त्यांना ओटीवर बसवून, कोकम सरबत देऊन, गावची रीत समजावली. शिरवेळात प्रत्येक माणसाला दोन वयं असतात. एक कागदी वय. ते मतदानाला आणि पेन्शनीला चालतं. दुसरं अंगातलं वय. ते चष्म्याच्या नंबराला आणि गुडघ्यांना चालतं. मृण्मयीचं कागदी वय त्रेपन्न आणि अंगातलं साठ. भटजींनी विचारलं, मग शांत नेमकी कुठल्या वयाची करायची? रेवती म्हणाली, अंगातल्या, कारण आजारी पडलं तर अंगच पडतं, कागद पडत नाही. भटजींनी थोडा विचार केला आणि शास्त्राची याला हरकत दिसत नाही असा निर्वाळा देऊन टाकला. त्यांना सरबत आवडलं होतं.

ही शांत रेवतीने हट्टाने ठरवली होती. मृण्मयीच्या अंगात जी सात वर्षं जास्तीची चढली होती ती रेवतीच्या काजूंपायी चढली होती, आणि हे तिला दोन वर्षांपासून झोपू देत नव्हतं. तिने मनाशी ठरवलं होतं की साठीचे दिवे ओवाळून झाले की त्यानंतर मृण्मयीचा एकही दिवस काजूंना द्यायचा नाही. ओतखोलीत तिला पाऊल टाकू द्यायचं नाही. धंदा राहो, नाहीतर जावो.

ओतखोली म्हणजे काय, हे आता सांगायला हवं, आणि त्यासाठी आधी काजू.

रेवती परुळेकर ओले काजूगर परदेशी पाठवायची. सुके नव्हे, ओले. हिरव्या बिया हाताने फोडायच्या, चिकाने बोटं भाजून घ्यायची, आतला गर अलगद काढून त्याची सालं सोलायची, की हातात पांढराशुभ्र, लोण्यासारखा काजू येतो. त्याची उसळ ज्याने एकदा खाल्ली तो पुढे रॉटरडॅमला जाऊन इंजिनिअर झाला तरी मार्च महिन्यात बेचैन होतो. रेवतीचा सगळा व्यापार या बेचैनीवर उभा होता. तिच्या शेडमध्ये चाळीस बायका काजू सोलायच्या आणि दिवसभर एकमेकींची उणीदुणी काढून हसायच्या.

अडचण एकच होती. थंड पेटीत ओले काजूगर पंचवीस दिवस टिकतात, आणि बोटीचा प्रवास वीस दिवसांचा. विमानाने फळं-भाज्या नेणं इंधनाच्या टंचाईमुळे केव्हाच बंद पडलं होतं. म्हणजे हाताशी उरले पाच दिवस. रेवतीचं सगळं नशीब त्या पाच दिवसांत राहायचं.

बंदरात माल का अडतो, याचं उत्तर बंदरात कधीच सापडत नाही. कुठल्यातरी दूरच्या खाडीत धुकं पडतं, तिथे जहाजांची रांग लागते, त्या रांगेतलं जहाज इकडे वेळेवर येत नाही, ते येत नाही म्हणून रिकाम्या पेट्या येत नाहीत, आणि शिरवेळच्या धक्क्यावर काजू आंबतात. मोठ्या व्यापाऱ्याची दहा जहाजं असतात, एक अडलं तर नऊ चालतात. रेवतीची होती एक पेटी. दुसऱ्याच हंगामात ती पेटी एकतीस दिवस धक्क्यावर उभी राहिली. पलीकडे दुकानदाराने ती उघडली आणि लगेच बंद केली. त्याने फार सभ्य पत्र पाठवलं. त्यात लिहिलं होतं की तुमच्या काजूंबद्दल आमची काहीच तक्रार नाही, तक्रार तारखेबद्दल आहे; आमची फळी आम्ही महिनाभर रिकामी ठेवू शकत नाही. रेवतीने चाळीस बायकांना घरी पाठवलं. त्यांनीच तिची समजूत घातली.

त्याच सुमारास बंदराच्या कडेला एक संशोधन केंद्र उघडलं होतं आणि त्यात सोलापूरचे डॉ. बसवराज बिराजदार आले होते. गोल चेहऱ्याचे, खाण्याचे शौकीन, आणि आपलं शास्त्र कुणीही ऐकायला तयार असेल तर त्याच्यावर जीव टाकणारे. शिरवेळात ऐकायला तयार दोघीच होत्या. रेवती गरजू होती म्हणून, आणि मृण्मयी मुळातच चौकस होती म्हणून.

डॉक्टरांनी त्यांना परुळेकरांच्याच पागोळीखाली ठेवलेला हंडा दाखवला. म्हणाले, हंडा भरलेला असेल तर पावसाचा पहिला थेंब पडताच तो सांडायला लागतो. पण तोच आधी उपसून रिकामा केला, तर भरेपर्यंत तो सांडत नाही. पेटीचंही तसंच आहे. पेटीवर दिवस पडत राहतात आणि आतला माल शिळा होत जातो. आम्ही काय करतो, तर त्या पेटीतून पस्तीस दिवस आधीच उपसून काढतो. मग पुढचे पस्तीस दिवस त्या रिकाम्या जागेत जिरतात. तेवढे दिवस आतल्या मालाला काळ लागतच नाही. याला त्यांनी ‘काळउपसा’ असं नाव दिलं होतं.

रेवतीने पेट्यांबद्दल, परवान्यांबद्दल, जहाजकंपनीबद्दल विचारलं. मृण्मयीने एकच विचारलं.

“आणि उपसलेले दिवस ओततास खय?”

डॉक्टर इतके खूश झाले की त्यांनी हातातली भाकरी खाली ठेवली. तीन मंत्र्यांनी आणि एका परदेशी समितीने त्यांचं यंत्र पाहिलं होतं, पण हा प्रश्न कुणालाच सुचला नव्हता. उपसलेला काळ नाहीसा होत नाही, तो कुठेतरी ओतावाच लागतो. त्यासाठी पेटीला जोडून एक खोली असते, तिचं नाव ओतखोली. बाहेर तासभर यंत्र चालतं, आणि तेवढ्या तासात ओतखोलीत उपसलेले सगळे दिवस सरतात, पस्तीस काय नि चाळीस काय.

सुरुवातीला हे सगळं फार सुखाचं झालं. ज्यांना ताजं राहायचं आहे त्यांचे दिवस, ज्यांना मुरायचं आहे त्यांना. ओतखोलीत लोणच्याच्या बरण्या ठेवल्या, की तासाभरात लोणचं मुरून तयार. नवा तांदूळ जुना होऊन बाहेर येई. सागवान सुकून येई. लोणचंवाले आणि तांदूळवाले डॉक्टरांच्या दारात रांगा लावत होते. पण मग द्राक्षवाले आले, फुलवाले आले, मासळीवाले आले, आणि बंदरातली रांगही वाढली. उपसायचे दिवस ढीगभर आणि मुरणारा माल मूठभर, अशी गत झाली. मुरलेली बरणी दुसऱ्यांदा आत ठेवली तर यंत्राचा काटा हलेना.

तेव्हा डॉक्टरांच्या लक्षात आली ती त्यांच्या शास्त्रातली सगळ्यात मोठी गोष्ट. काळ म्हणजे दुसरं काही नाही, बदल. जिथे बदलायला काही नाही, तिथे काळ ओतता येत नाही. रिकाम्या खोलीत तो शिरत नाही. दगडात शिरत नाही. पुरतं मुरलेल्या लोणच्यातही शिरत नाही. जिवंत प्राण्यात शिरेल म्हणून त्यांनी सहा कोंबड्या ठेवून पाहिल्या. काटा जरासा हलला आणि थांबला, कारण कोंबडीचा आजचा दिवस आणि उद्याचा दिवस यांत म्हणण्यासारखा फरक नसतो.

“मग माणूसच होयो,” मृण्मयी म्हणाली. “मी बसतंय थय. माका दिवस होयेच आसत.”

तिला खरोखरच दिवस हवे होते. मृण्मयी शाळेत ग्रंथपाल होती, एकटी राहायची, आणि उशिरा येण्याबद्दल पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. स्वतःच्या वाढदिवसालाही ती उशिरा पोहोचायची. आळशी मुळीच नव्हती. उलट तिने एवढं काही सुरू करून ठेवलेलं असायचं की चोवीस तास तिला अपुरेच पडायचे. हार्मोनियम अर्धी शिकलेली, मोडी लिपी अर्धी शिकलेली, शाळेतल्या फुलपाखरांची चित्रं काढायला घेतलेली आणि तीही अर्धीच. तिच्या घरात पाहुण्याला बसायला खुर्ची मिळत नसे, कारण प्रत्येक खुर्चीवर काहीतरी अपुरं ठेवलेलं असे.

पहिल्या वेळी ती सकाळी दहा वाजता तांदूळ, डाळ, शेगडी, हार्मोनियम आणि मोडीची पुस्तकं घेऊन आत गेली. रेवती दाराबाहेर नखं खात बसली. डॉक्टर काट्याकडे पाहत होते. काटा गेला तो थेट टोकाला जाऊन टेकला. अकरा वाजता दार उघडलं आणि पस्तीस दिवस जगून आलेली मृण्मयी बाहेर आली. केस वाढलेले, चेहरा शांत, झोप पुरी झालेली. बाहेर येताच तिने भूप वाजवून दाखवला आणि तो चक्क शेवटपर्यंत वाजवला. रेवतीची पेटी त्या खेपेला छत्तीस दिवसांनी पोहोचली. दुकानदाराचा फोन आला, तुम्ही काजू काल सोलले का? चाळीस बायका शेडमध्ये परतल्या आणि उणीदुणी जिथे सोडली होती तिथून पुढे सुरू झाली.

मग गावाला खुळच लागलं. परीक्षा तोंडावर आलेली पोरं महिनाभराचा अभ्यास तासाभरात उरकून येऊ लागली. नवी लग्न झालेली जोडपी जेवण झाल्यावर म्हणून जायची आणि चहाच्या वेळेला चाळीस दिवसांच्या भांडणा-समेटांसकट परत यायची. एका दशावतारी मंडळाने अख्खं नवं नाटक सकाळच्या प्रहरात बसवलं आणि संध्याकाळी ते पाठ म्हणून दाखवलं. जो तो खूश होता. बंदराला आता कुणी शिव्या देईना. बंदराच्या कचेरीतली तक्रारवही कोरी राहू लागली, आणि तक्रारच नाही म्हटल्यावर बंदर सुधारायची घाईही कुणाला उरली नाही. एरवीचा पाच दिवसांचा उशीर पंधरावर गेला, पंधराचा चाळिसावर. उशीर होतोय यातच सगळ्यांची सोय होती.

पोरं परीक्षेपुरती येत, जोडपी हौसेपुरती. रेवतीची पेटी मात्र दर हंगामात सहा वेळा जाई आणि सहाही वेळा मृण्मयी आत जाई. बारा हंगाम झाले. मोडी झाली, फुलपाखरं झाली, घरातल्या सगळ्या खुर्च्या मोकळ्या झाल्या. ती आता नवनवं सुरू करायची आणि पुरंही करायची. वेळेवर येऊ लागली होती. तिच्याइतकी सुखी बाई शिरवेळात नव्हती, हे रेवतीही कबूल करायची.

पण दोन वर्षांपूर्वी आठवडी बाजारात एक मासळीवाली मृण्मयीला म्हणाली, “ही तुझी धाकटी भयण मा?” आणि तिने बोट रेवतीकडे दाखवलं होतं. दोघी खूप हसल्या. घरी आल्यावर रेवती एकटीच आरशासमोर उभी राहिली आणि मग तिने मोजायला घेतलं. दर वर्षाला सात महिने. धाकटी आपल्यापुढे निघून गेली आहे, आणि अशीच पुढे जात राहिली तर एक दिवस आपल्याला मागे टाकून कायमचीच जाणार आहे, हे तिला त्या दिवशी कळलं. आपल्या काजूंचं ताजेपण कुणाच्या वाट्याचं आहे, हेही कळलं. त्यानंतर तिने दोन-तीनदा मृण्मयीला अडवून पाहिलं. मृण्मयी हसून म्हणायची, माझे दिवस मी जगले ना, हरवले थोडेच. आणि पिशवी उचलून चालू लागायची.

म्हणून ही साठी. शंभर पानं उठणार होती. अंगणात मांडव, मांडवात जिलब्यांचा वास, शेडमधल्या चाळीसजणी नव्या साड्या नेसून आलेल्या. रेवतीने साठ दिव्यांचं ताट हातात घेतलं आणि धाकटीला ओवाळलं. ओवाळून झाल्यावर रिवाजाप्रमाणे धाकटीने थोरलीच्या पाया पडायचं. मृण्मयी वाकली, गुडघ्याने नकार दिला, आणि ती मध्येच रेवतीच्या खांद्याला धरून उभी राहिली. मांडवभर हशा पिकला. रेवतीने तिला घट्ट मिठी मारली आणि आपल्याला हिची किती माया आहे हे तिला पुन्हा एकदा लख्ख जाणवलं. आता संपलं, तिने मनाशी म्हटलं.

पहिली पंगत वाढायला घेतली तेवढ्यात बंदरातून फोन आला. कुठलीशी सामुद्रधुनी बंद झाली होती. हंगामातली शेवटची पेटी, कालच भरलेली, किमान एकोणचाळीस दिवस अडणार होती. ओतखोली बारा ते दीड मोकळी होती, त्यानंतर आठवडाभर मासळीवाल्यांची. पोरांच्या परीक्षा संपल्या होत्या, दशावतारी मंडळी दौऱ्यावर होती. दुसरं माणूस नव्हतं, आणि या खेपेला माल नासला तर पुढच्या हंगामाला दुकानात जागा नव्हती.

मृण्मयीने ऐकलं आणि सवयीने पाटावरून उठायला लागली.

“तू बस गो,” रेवती म्हणाली. “आज मी जातंय.”

“तू? तू थय काय करतलंस?”

“बसतलंय. दुसरा काय?”

चाळीसजणी हसल्या. रेवती हसली नाही. डॉक्टर बिराजदार पहिल्याच पंगतीला बसले होते. त्यांना तिने अर्ध्या जिलबीवरून उठवलं आणि स्कूटरवर मागे बसवून बंदरावर नेलं. तांदूळ-डाळ खोलीत भरलेली असायचीच. आत जाताना तिला भीती वाटत नव्हती, हलकं वाटत होतं. बारा वर्षांचं ओझं एका तासात थोडंसं तरी फेडता येणार होतं. दार लागलं. ती खुर्चीवर बसली, भरजरी पदर सारखा केला, आणि एकोणचाळीस दिवस संपायची वाट पाहू लागली.

दहा मिनिटांनी दार उघडलं. बाहेरही दहाच मिनिटं झाली होती. डॉक्टर दारात घाम पुसत उभे होते. ते म्हणाले, वायरमध्ये काहीतरी असेल. त्यांनी वायर पाहिली, जोड पाहिले, पुन्हा दार लावलं, पुन्हा उघडलं. पाच-सहा मिनिटं आणखी गेली. रेवती बाहेर येऊन यंत्रापाशी उभी राहिली.

“काय दाखवता ता?”

डॉक्टर खोटं बोलण्यात कच्चे होते. “रेवतीताई, खोलीत कुणी नाही असं दाखवतंय.”

पहिल्यांदा तिला हसू आलं. एवढी पाऊणशे किलोची बाई, अंगावर शालू, आणि यंत्र म्हणतंय कुणी नाही. मग डॉक्टरांनी अगदी हळू आवाजात सांगितलं की यंत्र वजन मोजत नाही, बदल मोजतं. आत बसून नुसती वाट पाहिली तर काळ शिरत नाही. तुम्हाला काही आवडत असेल तर सांगा, विणकाम, गाणं, पत्ते, काहीही. मी आत्ता मागवतो.

रेवतीने आठवून पाहिलं. जहाज कधी लागणार, याची ती वाट पाहत आली होती. मग ते कधी सुटणार याची, मग कधी पोहोचणार, मग दुकानदाराचा फोन कधी येणार. तो आला की पुढच्या जहाजाची. चौदा वर्षं तिने बंदराच्या उशिराला शिव्या दिल्या होत्या, आणि त्या चौदा वर्षांत स्वतःला काय आवडतं हे पाहायचं तेवढं राहून गेलं होतं. डॉक्टर उत्तराची वाट पाहत उभे होते. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

तेवढ्यात रिक्षातून मृण्मयी उतरली. नेसूची नऊवारी खोचलेली, एका हातात जिलब्यांचा डबा, दुसऱ्या हातात हार्मोनियमची पेटी. तिने डॉक्टरांकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं, आणि तिला काही सांगावं लागलं नाही. बारा वर्षांत तो काटा तिला डॉक्टरांपेक्षा जास्त कळत होता. ती सरळ आत गेली आणि रेवतीला म्हणाली की तू आता घरी जा, पंगत खोळंबली आहे.

रेवती दारातच उभी राहिली. घरी जाणं शहाणपणाचं होतं. मग मृण्मयी एकटीचेच दिवस गेले असते. त्याहून शहाणपणाचं म्हणजे बहिणीचा हात धरून तिला बाहेर ओढणं आणि काजू नासू देणं, जसं तिने ठरवलं होतं. तिने हात धरला खरा. पण ती बाहेर आली नाही, आत गेली.

“शिकव माका,” ती म्हणाली.

“काय शिकवू?”

“काय पण.”

डॉक्टरांनी दार लावलं. काटा थोडा वेळ थरथरला आणि मग चढू लागला.

बरोबर तासाने दोघी हसत हसत बाहेर आल्या. डबा केव्हाच रिकामा झाला होता. रेवतीचा शालू घडी घालून तिच्या काखेत होता आणि अंगात मृण्मयीचा जुना गाऊन होता. तिच्या बोटांना निळा रंग लागला होता. आवाज बसला होता, कारण ती एकोणचाळीस दिवस गात होती, आणि मृण्मयीच्या म्हणण्याप्रमाणे फार वाईट गात होती. मृण्मयीला साठ पुरी होऊन आता एकोणचाळीस दिवस झाले होते आणि घरी तिच्या साठीची पंगत अजून उठली नव्हती. पेटीतले काजू मात्र आज सकाळच्याइतकेच ताजे राहणार होते.

डॉक्टरांना वाटलं होतं की रेवती आधी काजूंचं विचारेल. तिने ते विचारलंच नाही. स्कूटरची किल्ली शोधता शोधता ती म्हणाली, “डॉक्टर, पुढचा जहाज कधी अडाकतला?”

डॉक्टर म्हणाले, हंगाम तर संपला, आणि पुढच्या महिन्यात बंदरात बारा वर्षं रखडलेला नवा धक्का सुरू होतोय. आता सहसा काही अडणार नाही.

रेवतीचा चेहरा पडला. तिने मृण्मयीकडे पाहिलं. मृण्मयीचाही पडला होता. मग रेवती डॉक्टरांच्या जवळ सरकली आणि आजूबाजूला कुणी नाही असं पाहून, नवा धक्का थांबवायला कुणाकडे अर्ज करावा लागतो, असं तिने त्यांना विचारलं.